जयसिंहाने दगड का निवडला

जयपूरच्या जुन्या शहरात, राजवाड्याच्या आवाराला लागून असलेली सवाई जयसिंहाची वेधशाळा आज राजस्थान सरकारच्या पुरातत्त्व व संग्रहालय विभागाच्या देखरेखीखाली आहे, आणि तिकीट काढून आत येणाऱ्याला प्रथमदर्शनी तिथे एकही वस्तू ओळखीच्या अर्थाने ‘उपकरण’ वाटत नाही. जिने आकाशाकडे चढत जातात आणि वर फक्त एक लहानशी छत्री असते. जमिनीत अर्धगोल वाडगे खोदलेले दिसतात. गोल भिंतींना खिडक्यांसारख्या मोकळ्या जागा असतात, पण आत खोली नसते. १७३४ च्या सुमारास पूर्ण झालेल्या या वास्तूंना १९४८ मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला आणि २०१० मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्यांचा समावेश झाला. त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांपैकी काहींना त्या जगातल्या सर्वांत अचूक वेधसाधनांच्या पंक्तीत बसवायच्या असतात, तर काहींना दुर्बीण येऊन शतक उलटल्यावर बांधलेल्या कालबाह्य इमारती म्हणून बाजूला सारायच्या असतात. मात्र जयसिंहाला नेमके काय मोजायचे होते, आधीच्या साधनांतली कोणती चूक त्याला खटकली होती आणि त्या चुकीवरचा उपाय म्हणून त्याने धातू सोडून दगड-चुना का पत्करला, हा प्रश्न दोन्ही मतांत सुटून जातो. या वास्तूंचा खरा इतिहास त्या प्रश्नापासून सुरू होतो.

आमेरचा कछवाहा राजा जयसिंह याचा जन्म १६८८ चा. तो गादीवर आला तेव्हा तो जेमतेम अकरा वर्षांचा होता आणि मोगल सेवेतली त्याची पहिली मोठी कामगिरी महाराष्ट्राच्या भूमीवर झाली. १७०२ मध्ये औरंगजेबाच्या सैन्याने खेळणा म्हणजे विशाळगड वेढला, तेव्हा शहाजादा बेदारबख्ताच्या फौजेत हा मुलगा आपल्या राजपूत तुकडीसह हजर होता. पुढच्या चाळीस वर्षांत त्याचा मराठ्यांशी सतत संबंध आला. माळव्याचा सुभेदार म्हणून तो त्यांच्याशी लढला आणि वाटाघाटीही त्यानेच केल्या. १७३५ मध्ये बाजीरावाच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या तीर्थयात्रेला निघाल्या, तेव्हा जयपुरात त्यांचे आदराने स्वागत झाले आणि पुढच्याच वर्षी बाजीराव व जयसिंह यांची समक्ष भेट झाली. मोगल सत्ता खिळखिळी होत असताना मराठ्यांशी जुळवून घेण्याचे धोरण बादशहाच्या गळी उतरवण्याचा प्रयत्न करणारा हा मुत्सद्दी दिवसाचा उरलेला वेळ चंद्राच्या गतीतल्या कलांचा हिशेब करण्यात घालवत असे, ही गोष्ट त्याच्या राजकीय चरित्रांत सहसा तळटीपेत जाते. ती तेवढ्यावर सोडण्याजोगी नाही, कारण त्याने वेधशाळांवर ओतलेला पैसा, माणसे आणि आयुष्याची वर्षे पाहता हा राजाचा फावल्या वेळचा छंद मुळीच नव्हता.

वेधशाळांमागचे कारण जयसिंहाने स्वतःच नोंदवले आहे. मुहम्मदशाह बादशहाला अर्पण केलेल्या ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ या फार्सी ग्रंथाच्या प्रस्तावनेत ते सविस्तर येते. झीज म्हणजे ग्रहताऱ्यांची स्थाने काढण्यासाठी रचलेल्या कोष्टकांचा ग्रंथ, ज्याला आपल्याकडे सारणी किंवा करणग्रंथ म्हणतात त्याच्या जवळचा प्रकार. त्या काळी प्रचारात असलेल्या कोष्टकांवरून, मग ती समरकंदच्या उलूघबेगाची असोत, हिंदू ग्रंथांतली असोत वा युरोपीय असोत, काढलेली स्थाने आणि प्रत्यक्ष आकाशात दिसणारी स्थाने यांत मेळ बसत नव्हता. चंद्रदर्शन, ग्रहणे, ग्रहांचे उदयास्त हे सगळे गणिताला चुकवून घडत होते. सण, व्रते, मुहूर्त आणि दरबारी कामकाज ज्या पंचांगावर चालते ते पंचांगच डळमळीत असणे ही राज्यकर्त्याच्या दृष्टीने गंभीर बाब होती. भारतीय परंपरेत यासाठी एक नेमका शब्द आहे, दृक्प्रत्यय, म्हणजे गणिताने जे सांगितले ते डोळ्यांना पटणे. कोष्टके जुनी होत जातात, त्यांत वर्षागणिक थोडी थोडी चूक साठत जाते आणि म्हणून काही पिढ्यांनी कोणाला तरी नव्याने वेध घेऊन मूळ आकडे दुरुस्त करावे लागतात, ही जाणीव जयसिंहाला होती. वेध घेणे म्हणजे ग्रह वा तारा प्रत्यक्ष पाहून त्याचे आकाशातले स्थान कोनात मोजणे.

प्रथम त्याने इस्लामी ग्रंथांत वर्णन केलेली पितळी यंत्रे तयार करवली, पण त्यांवर तो समाधानी नव्हता. प्रस्तावनेत त्याने दिलेली कारणे एखाद्या आजच्या प्रयोगशाळेच्या अहवालात शोभावीत अशी आहेत: यंत्रे आकाराने लहान असल्यामुळे त्यांवर अंशाचे कलांत विभाजन करता येत नाही, फिरून फिरून आस झिजतात व डुगडुगतात, वर्तुळाचा मध्य जागेवरून सरकतो आणि यंत्राची पातळी हलते. वर्तुळाचा ३६० वा भाग तो अंश, अंशाचा साठावा भाग ती कला. हातभर व्यासाच्या पितळी चकतीवर एका कलेची जागा केसाएवढीही उरत नाही. उपाय उघड होता. वर्तुळ मोठे करावे, म्हणजे कला डोळ्यांना दिसण्याजोगी रुंद होईल, आणि फिरणारे भाग काढून टाकावेत, म्हणजे झिजायला काही उरणार नाही. पण पंधरा मीटर त्रिज्येचे पितळी वर्तुळ स्वतःच्या वजनानेच वाकेल, शिवाय ते उन्हात प्रसरण पावेल. अशा आकारात जागच्या जागी उभे राहील असे साधन दगड आणि चुन्याचेच होऊ शकत होते, आणि जयपूर-आमेरच्या गवंड्यांचा त्या कामात हात धरणारे थोडे होते. उलूघबेगाने पंधराव्या शतकात समरकंदला सुमारे ४० मीटर त्रिज्येचा दगडी कंस उभारला होता व त्याच्या वेधांवरून १०१८ ताऱ्यांची यादी तयार केली होती. तो आदर्श जयसिंहासमोर होता. मात्र त्याने केवळ नक्कल केली नाही. सम्राट, जयप्रकाश आणि राम ही तीन यंत्रे त्याची स्वतःची कल्पना मानली जातात, आणि दिल्लीत १७२४ च्या सुमारास, बादशहाच्या संमतीने, त्यांची पहिली उभारणी झाली. पुढे जयपूर, उज्जैन, वाराणसी आणि मथुरा अशा चार ठिकाणी वेधशाळा झाल्या. एका जागी घेतलेल्या वेधांची दुसरीकडच्या वेधांशी पडताळणी व्हावी, हा त्यामागचा हेतूही प्रस्तावनेत आला आहे, आणि तो हेतू यंत्रांच्या आकाराहूनही अधिक कौतुकास्पद आहे.

जयपूरचे बृहत् सम्राट यंत्र मूलतः एक छायायंत्र, म्हणजे सूर्याच्या सावलीवरून वेळ दाखवणारे साधन आहे. त्याच्या मध्यभागी उभी त्रिकोणी भिंत असून तिची तिरपी कड क्षितिजाशी सुमारे २७ अंशांचा कोन करते. जयपूरचा अक्षांश तेवढाच असल्यामुळे ही कड पृथ्वीच्या आसाला समांतर राहते आणि बरोबर ध्रुवाकडे रोखलेली असते. भिंतीच्या पूर्वेस व पश्चिमेस विषुववृत्ताच्या पातळीत वळलेले दोन पाव-वर्तुळाकार कंस आहेत. सकाळी भिंतीची सावली पश्चिमेकडच्या कंसाच्या माथ्यावर पडते, ती हळूहळू खाली उतरते, मध्यान्ही तळाशी पोहोचते आणि दुपारनंतर पूर्वेकडच्या कंसावर चढू लागते. भिंत सुमारे नव्वद फूट उंच आणि कंसाची त्रिज्या सुमारे १५ मीटर असल्यामुळे सावली तासाला जवळपास चार मीटर, मिनिटाला साडेसहा सेंटिमीटर आणि सेकंदाला एक मिलिमीटरभर पुढे जाते. कंसाच्या कडेला टेकून दोन मिनिटे उभे राहणाऱ्याला ती सरकताना प्रत्यक्ष दिसते. पृथ्वीचे फिरणे असे उघड्या डोळ्यांना दाखवणाऱ्या वास्तू जगात फारच थोड्या आहेत.

कंसावरच्या खुणा दोन-दोन सेकंदांपर्यंत जातात, आणि तिथे मार्गदर्शकांकडून ऐकू येणारा ‘दोन सेकंदांची अचूकता’ हा दावा या खुणांवरून निघाला आहे. पण खूण बारीक असणे आणि सावली तितकी बारीक वाचता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. सूर्य हा बिंदू नसून आकाशात अर्धा अंश रुंदीची तबकडी आहे; त्यामुळे भिंतीच्या सावलीची कड कापल्यासारखी पडत नाही, तर गडद छायेपासून पूर्ण उजेडापर्यंत विरत जाणारा पट्टा पडतो. या पट्ट्याला अर्धछाया म्हणतात. पंधरा मीटरांवर तो सुमारे चौदा सेंटिमीटर रुंद होतो, म्हणजे दोन मिनिटांइतका. नुसते पाहून त्यातला मधला बिंदू ठरवणे कठीण आहे. त्यावर अनुभवी वेधकाचा उपाय असा की बारीक काडी किंवा ताणलेला दोरा मापपट्टीच्या किंचित वर धरावा आणि त्याची स्वतःची सावली अर्धछायेत कोणत्या जागी विरून जाते ते टिपावे. निरभ्र दिवशी या रीतीने काही सेकंदांपर्यंतचे वाचन मिळू शकते. म्हणजे यंत्राची अचूकता दगडात अर्धीच असते, उरलेली अर्धी दोरा धरणाऱ्या हाताच्या सरावात असते. जयसिंहाच्या साऱ्या उद्योगाचे पुढे काय झाले ते समजण्यासाठी ही बाब ध्यानात ठेवावी लागते.

सम्राट यंत्रातून मिळणारी वेळ घड्याळाशी जुळत नाही, याचे अनेकांना नवल वाटते, पण त्यात यंत्राचा दोष नाही. ते जयपूरची स्थानिक सौर वेळ दाखवते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आणि जयपूर त्याच्या पश्चिमेस असल्यामुळे सुमारे २७ मिनिटांचा कायमचा फरक पडतो. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा आस कललेला असल्यामुळे खरा सूर्य वर्षभर मध्यम गतीच्या मागेपुढे होत असतो. या दुसऱ्या फरकाला कालसमीकरण म्हणतात. दोन्ही मिळून फेब्रुवारीच्या मध्यास यंत्राच्या वाचनात सुमारे ४१ मिनिटे मिळवावी लागतात, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीस केवळ ११. ही दुरुस्ती करून घड्याळ पाहिले की मेळ बसतो, आणि तो बसल्यावर ज्या मुलाने शाळेत कालसमीकरण पाठ केले असेल त्याला ते प्रथमच समजते.

सम्राट यंत्राच्या कंसांना आधार देणाऱ्या बुरुजांत एक अंधारी खोली आहे आणि तिच्यातले षष्ठांश यंत्र बहुतेक पाहुण्यांच्या नजरेतून निसटते, हे खेदाचे आहे, कारण वेधाच्या दृष्टीने ते या आवारातले सर्वांत सरस साधन म्हणता येईल. वर्तुळाचा सहावा भाग, म्हणजे ६० अंशांचा कंस, याम्योत्तरात म्हणजे दक्षिणोत्तर उभ्या पातळीत बसवला असून छताजवळच्या बारीक छिद्रातून मध्यान्हीचा सूर्यप्रकाश त्यावर पडतो. छिद्रातून आल्यामुळे तिथे उजेडाचा नुसता ठिपका न पडता सूर्याचे गोल बिंब उमटते, आठ सेंटिमीटर व्यासाचे, स्पष्ट कडेचे. बिंबाची वरची व खालची कड वाचून मध्य काढला की सूर्याचे उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासूनची कोनात मोजलेली उंची, मिळतात आणि त्यावरून त्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे उत्तर-दक्षिण अंतर, कलेच्या आसपास अचूक ठरते. अर्धछायेची अडचण इथे अंधाराच्या साहाय्याने दूर केली आहे. सूर्यावर मोठे डाग असतील तर तेही या बिंबावर ओळखू येतात.

जयप्रकाश यंत्राची कल्पना यापेक्षा निराळी आणि अधिक देखणी आहे. आकाशाचा अर्धगोल उलटा करून जमिनीत उतरवावा, तसे ते संगमरवरी वाडग्याच्या रूपात आहे. वर ताणलेल्या तारांच्या छेदावर भोक असलेली लहान पट्टी असते, तिची सावली वाडग्याच्या आत पडते आणि सावलीतल्या प्रकाशबिंदूच्या जागेवरून सूर्याची सगळी स्थाने एकदम वाचता येतात, कारण आतल्या पृष्ठभागावर क्षितिजाची, विषुववृत्ताची आणि राशींची वर्तुळे कोरलेली आहेत. रात्री तारा स्वतःची सावली पाडत नाही, म्हणून वेधकाला डोळा पृष्ठभागाला लावून तारांच्या छेदातून तारा पाहावा लागतो. त्यासाठी वाडग्याच्या पट्ट्या एकाआड एक कापून मध्ये माणूस उभा राहील अशा वाटा ठेवल्या आहेत. एका वाडग्यात जो भाग कापला तो शेजारच्या दुसऱ्या वाडग्यात भरीव आहे, त्यामुळे दोन्ही मिळून पूर्ण आकाश हाती येते. राम यंत्राच्या जोडीतही हीच युक्ती वापरली आहे. राशिवलय यंत्रे, बारा राशींसाठी बारा, फक्त जयपुरातच आहेत. उरलेली नाडीवलय, दिगंश, दक्षिणोत्तर भित्ती, कपाली, चक्र आणि दोन मीटरांहून मोठे धातूचे यंत्रराज ही त्या त्या मोजमापाची साधने आहेत व ती नावांवरूनच बहुतेक कळतात.

या वास्तूंभोवती जमलेली माणसे वास्तूंइतकीच महत्त्वाची आहेत. जयसिंहाचा मुख्य ज्योतिषी जगन्नाथ सम्राट हा महाराष्ट्रीय ब्राह्मण असल्याची परंपरा आहे. राजाने त्याला अरबी आणि फार्सी शिकायला लावले, आणि त्याने नासिरुद्दीन तूसीच्या अरबी पाठावरून टॉलेमीचा ‘अल्माजेस्ट’ संस्कृतात ‘सिद्धान्तसम्राट’ म्हणून आणला, तसेच युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ या नावाने उतरवली. दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रीक ग्रंथ अरबीतून एका दक्षिणी पंडिताच्या हातून संस्कृतात यावा आणि त्या पंडिताला पदरी ठेवणारा राजा राजपूत असावा, यात अठराव्या शतकातल्या हिंदुस्थानाचे एक विलक्षण विद्याचित्र दडलेले आहे. जगन्नाथाबरोबर फार्सी जाणणारे मुसलमान ज्योतिषीही काम करत. त्या राज्यात धर्म बाजूला पडला होता असे नव्हे, जयसिंहाने वैदिक यज्ञही करवले होते; पण आकाशाच्या बाबतीत कोणाचा ग्रंथ बरोबर हे वेधाने ठरवायचे, अशी त्याची भूमिका होती.

हीच भूमिका त्याला गोव्यापर्यंत घेऊन गेली. युरोपात नव्या वेधशाळा उभ्या राहिल्याचे कळल्यावर त्याने जेसुइट पाद्री मानुएल द फिगेरेदो याच्या नेतृत्वाखाली एक मंडळ १७२७ मध्ये पोर्तुगालकडे पाठवले. गोव्याच्या मार्गाने ते लिस्बनला गेले आणि काही वर्षांनी परतले तेव्हा त्यांच्याबरोबर फ्रेंच ज्योतिर्विद फिलिप द ला हीर याची कोष्टके होती व पेद्रो द सिल्व्हा नावाचा वैद्य-ज्योतिषीही आला होता. जयसिंहाने ती कोष्टके डोक्यावर घेतली नाहीत की टाकूनही दिली नाहीत. त्याने त्यांवरून गणित केले आणि स्वतःच्या वेधांशी ताडून पाहिले. चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाचा फरक आढळला, इतर ग्रहांत त्याहून कमी, आणि ग्रहणांच्या वेळा पाव घटीने म्हणजे पंधरा पळांनी पुढेमागे होत होत्या. घटी चोवीस मिनिटांची, तेव्हा हा फरक सहा मिनिटांचा झाला. युरोपातली यंत्रे लहान व्यासाची असावीत, म्हणून ही चूक राहिली, असा त्याचा निष्कर्ष होता. निष्कर्ष पुरता बरोबर नव्हता, पण पद्धत निर्दोष होती. पुढे केवलराम या त्याच्या ज्योतिषाने ला हीरच्या कोष्टकांवर आधारलेली संस्कृत सारणीही रचली, आणि चंद्रनगरहून फ्रेंच जेसुइट बूदिये व पोन्स यांना १७३४ मध्ये जयपुरात बोलावून त्यांच्याकडूनही वेध व चर्चा झाल्या.

त्याला जे मिळाले नाही तेही सांगितले पाहिजे. दुर्बीण त्याला माहीत होती. गुरूचे चंद्र, शुक्राच्या कला आणि सूर्यावरचे डाग यांचा उल्लेख त्याच्या ग्रंथात आहे. पण दुर्बिणीला मापकंसावर बसवून तिच्या नेत्रिकेत बारीक तंतू लावले की कोन विकलांपर्यंत, म्हणजे कलेच्या साठाव्या भागापर्यंत, मोजता येतो, ही युक्ती जयपुरात पोहोचली नाही. ग्रिनिचला फ्लॅमस्टीडने तिच्या आधारे केलेली तीन हजारांच्या आसपास ताऱ्यांची यादी १७२५ मध्येच छापली गेली होती. केप्लर व न्यूटन यांचे ग्रहगणित आणि सूर्यकेंद्री मांडणीही त्याच्या वर्तुळात रुजली नाही. त्याचे मंडळ लिस्बनला गेले, पॅरिस वा लंडनला नाही, आणि त्याच्याशी बोलणारे युरोपीय हे अशा धर्मसंस्थेचे सेवक होते की जिने कोपर्निकसचे मत १६१६ पासून निषिद्ध ठरवले होते. ज्या दारातून त्याने युरोपात डोकावले त्या दारातून तेवढेच दिसत होते. त्यासाठी त्याला दगडाचा आंधळा भक्त ठरवणे अन्यायाचे आहे. उघड्या डोळ्यांनी घेतलेल्या वेधांची जी शेवटची मर्यादा, साधारण एक कला, तिच्याशी त्याची उत्तम यंत्रे जाऊन भिडली होती.

२१ सप्टेंबर १७४३ रोजी जयसिंह वारला, आणि खरी पडझड त्यानंतरची आहे. दगड उभा राहिला, दोरा धरणारे हात राहिले नाहीत. वेधशाळा ही इमारत नसून रोजच्या नोंदींची सवय असते. वारसांच्या भांडणांत आणि स्वाऱ्यांच्या धामधुमीत ती सवय तुटली. मथुरेच्या किल्ल्यातली वेधशाळा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बांधकामाच्या मालासाठी विकून पूर्ण नष्ट झाली. वाराणसीच्या मानमहालाच्या गच्चीवरची यंत्रे पाहून रॉबर्ट बार्कर याने १७७७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांचे वर्णन मांडले, आणि तेव्हाच ती वापरात नसल्याचे दिसत होते.

उज्जैनचे प्रकरण मराठी वाचकाच्या जास्त जवळचे आहे. भारतीय गणितात उज्जयिनीची याम्योत्तर रेखा ही शून्य रेखांशाची मानली जात असे, सगळ्या देशाची ग्रहस्थाने तिच्यापासून मोजली जात, म्हणून माळव्याच्या सुभेदारीत जयसिंहाने क्षिप्रेकाठी तिथे वेधशाळा बांधणे अगदी स्वाभाविक होते. माळवा मराठ्यांकडे आला, उज्जैन शिंद्यांची राजधानी झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ग्वाल्हेरला मुक्काम हलेपर्यंत ही यंत्रे त्यांच्या राजधानीत उभी होती. महादजींच्या काळात उत्तरेचे राजकारण जिथून चालले त्या शहरात ग्रहवेधाची गरज कोणाला भासली नाही, हे मान्य करावे लागते. विल्यम हंटर हा स्कॉटिश वैद्य १७९० च्या दशकात उज्जैनला आला तेव्हा त्याला जयसिंहाच्या एका ज्योतिषाचा नातू भेटला. या तरुण पंडिताजवळ आजोबांच्या काळातले ग्रंथ होते आणि त्यातले गणित त्याला येत होते. हंटरने त्याच्याबरोबर काम सुरू केले, परंतु पंडित जयपूरला गेला आणि तिथे अकालीच वारला. एक विद्या तिसऱ्या पिढीपर्यंत एका घरात कशीबशी तग धरते आणि एका मृत्यूने संपते, याचे हे नोंदले गेलेले उदाहरण आहे.

जयपूरची यंत्रे १९०१-०२ मध्ये दुरुस्त झाली. काम इंग्रज अभियंता गॅरेट याच्याकडे होते आणि संस्कृत ग्रंथांतली वर्णने उलगडून देण्यासाठी त्याच्या जोडीला चंद्रधर शर्मा गुलेरी होते, तेव्हा विशीही न गाठलेले. पुढे ‘उसने कहा था’ या कथेमुळे हिंदी साहित्यात ते अजरामर झाले. या दुरुस्तीने वेधशाळा वाचली, मात्र अशा प्रत्येक दुरुस्तीत जुन्या चुन्यावर कोरलेल्या मापनखुणांच्या जागी नव्या खुणा येतात, त्यामुळे आज वाचल्या जाणाऱ्या रेषा पुष्कळशा विसाव्या शतकातल्या कारागिरांच्या आहेत. संग्रहालयाला हे दुखणे नेहमीचे आहे. वेधशाळेच्या बाबतीत ते अधिक बोचते, कारण तिथे खूण हीच मूळ वस्तू असते.

त्याच सुमारास महाराष्ट्रात पंचांगशुद्धीचा वाद तापला होता. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत प्रसिद्ध करून पाश्चात्त्य वेधांवर उभे असलेले गणित इथल्या ज्योतिषांच्या हाती दिले होते. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ मध्ये आला, आणि व्यंकटेश बापूजी केतकर, लोकमान्य टिळक असे सगळे जण पंचांग आकाशाशी जुळले पाहिजे या पक्षाचे होते. जयसिंहाने मांडलेला प्रश्नच दीडशे वर्षांनी मराठीत पुन्हा उभा राहिला होता, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. या वातावरणातून आलेले गोविंद सदाशिव आपटे आणि उज्जैनचे पंडित नारायणजी व्यास यांच्या सांगण्यावरून माधवराव शिंदे यांनी १९२३ मध्ये उज्जैनची वेधशाळा दुरुस्त करवली आणि आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. त्यांच्या देखरेखीखाली शंकुयंत्राची भर पडली. कर्कवृत्त उज्जैनच्या अगदी जवळून जात असल्यामुळे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यान्ही या शंकूची सावली जवळजवळ नाहीशी होते, आणि ते पाहायला दरवर्षी माणसे जमतात. १९४२ पासून ही वेधशाळा ग्रहस्थानांचे वार्षिक पंचांग काढते. शिंद्यांच्या पूर्वजांनी जे हातून निसटू दिले ते त्यांच्या वंशजाने, एका मराठी गणितज्ञाच्या हातून, काही अंशी परत मिळवले.

जयपुरात तसे नेमाचे वेध आता घेतले जात नाहीत. आषाढी पौर्णिमेच्या संध्याकाळी मात्र स्थानिक ज्योतिषी आजही सम्राट यंत्राच्या माथ्यावर ध्वज घेऊन चढतात आणि वाऱ्याच्या दिशेवरून पावसाचे अनुमान सांगतात; ही वायुपरीक्षा जयसिंहाच्या गणिताशी जोडलेली नसली तरी त्या जिन्यांवर कामासाठी चढण्याची रीत तिने चालू ठेवली आहे. एरवी आवार प्रवाशांचे असते, आणि गर्दीच्या दिवसांत मार्गदर्शकाला एका यंत्रासाठी दोन-तीन मिनिटांपलीकडे वेळ नसतो. ज्याला ही वेधशाळा खरोखर समजून घ्यायची असेल त्याने निरभ्र हिवाळी दिवशी साडेअकराच्या आसपास यावे, सोबत साधा दोरा व सेकंदकाटा असलेले घड्याळ आणावे, आधी लघु सम्राट या धाकट्या छायायंत्रावर कालसमीकरणाची बेरीज करून पाहावी आणि मग स्थानिक मध्यान्हाच्या दहा मिनिटे आधी, परवानगी मिळत असल्यास, षष्ठांशाच्या अंधाऱ्या खोलीशी उभे राहावे. मार्च व सप्टेंबरातल्या संपातांच्या दिवसांत, म्हणजे सूर्य विषुववृत्त ओलांडतो तेव्हा, नाडीवलयाच्या एका तबकडीवरचे ऊन दुसरीवर कसे जाते हेही तिथेच पाहता येते. उज्जैनला मात्र हे सारे सांगायला वेधशाळेचे कर्मचारी स्वतः असतात, आणि रोजचे वाचन तिथे आजही वहीत उतरवले जाते.